बी साइड

याकूबच्या गॅरेजात तिघांपुरती जागा अजून आहे.
एसटीचा एक मोडका बाक, एक टायर,
आणि सुकुमारसाठी प्लास्टिकची खुर्ची,
गेल्या दिवाळीत त्यानं गुडघ्याचं बेअरिंग बदलून घेतलं म्हणून.

वाद तोच.
सुकुमार म्हणतो, फियाट.
गिअर स्टिअरिंगच्या दांडीला, पुढं तिघं बसायचो आम्ही,
मधल्याच्या मांडीला कधी धक्का लागला नाही.
मी म्हणतो, हेरल्ड.
बॉनेट उचललं की अख्खं तोंड पुढं कलंडायचं,
औदुंबरच्या डोहाकाठी मगर उन्हाला आ करून पडते तसं.
'आणि मगरीसारखीच,' सुकुमार म्हणतो,
'दिवसभर जागची हलायची नाही.'
याकूब जेटमध्ये फुंकर मारत म्हणतो, अँबॅसिडर.
डिकीत हळदीची चार पोती, मागं सासू,
आणि तरी कवठेमहांकाळचा चढ तिसऱ्यात.
त्याच्याशी कुणी वाद घालत नाही.
चहा त्याचा असतो.

मग विषय गाण्यावर जातो, जातोच.
अठ्ठ्याहत्तरचं गॅदरिंग. केस खांद्यापर्यंत.
मिरजेच्या सतारवाल्याकडून गिटार करून घेतलेली,
त्यानं जन्मात पहिल्यांदा केलेली.
'भोपळा नको म्हणता? मग आवाज राहणार कुठं?'
एवढंच विचारलं त्यानं,
आणि हाताच्या सवयीनं घोडीला जवारी काढून दिली.
आमचं प्रत्येक विलायती गाणं त्या रात्री
उरुसातल्या पहाटेसारखं झणझणत राहिलं.
प्राचार्य मान डोलावत होते.
याहून मोठा अपमान आमचा पुढं कुणी केला नाही.

ते गाणं बहारीनहून आलेल्या कॅसेटवर होतं.
बी साइड, शेवटचं.
त्यातला गिटारचा एकट्याचा तुकडा
मी म्हणतो सहा मिनिटांचा, सुकुमार म्हणतो चार.
'सहा कुठनं आणतोस लगा,
गांजा मी ओढत होतो, तू तर पान बी खात नव्हतास.'

एकोणीसच्या पुरात हेरल्ड सात दिवस पाण्याखाली होती.
कॅसेटी तिच्या डॅशबोर्डात.
पाणी उतरल्यावर याकूबनं एकेक खोलली,
टेप धुतली, पुसली,
आणि घरात शेवया वाळवायच्या काठ्यांवर पसरली.
त्याच्या बायकोनं महिनाभर त्याच्याशी अबोला धरला,
काठ्यांना गाळाचा वास राहिला म्हणून.

आज त्यानं प्लेअर थेट बॅटरीला जोडला.
सुकुमारनं घड्याळ काढून हातात घेतलं.
ड्रम आले, थोडे लंगडत. आवाज आला,
घसा बसलेल्या माणसाचा.
मग तो तुकडा सुरू झाला
आणि मधेच गेला.
घरघर. चिखल. कुठंतरी खोल एक तार असल्यासारखी,
नसल्यासारखी.
आम्ही तिघं हललो नाही.
स्कूटर दाखवायला एक पोरगा दारात आला,
आमची तोंडं बघून परत गेला.
मग पुन्हा वर आली गिटार, भिजलेली,
आणि संपली.

'सहा मिनिटं दहा सेकंद,' मी म्हणालो.
'त्यातली दोन कृष्णेची,' सुकुमार म्हणाला.
याकूबनं वायर काढली.
'मग नदीनं काय वाईट वाजवलं?'

सुकुमारला न्यायला मुलाची गाडी आली,
विजेवरची. कधी आली कळलं नाही,
दारापुढची मांजरसुद्धा उठली नाही.
तो बसला, पट्टा लावला,
आणि बंद काचेतून मला चार बोटं दाखवली.

माझ्या एका हातात कॅसेट,
दुसऱ्या हातातली पेन्सिल तिच्या दात्यांत अडकलेली.
सहा दाखवायला दोन हात लागतात.
ते मोकळे होईपर्यंत
गाडी मारुती चौकाकडं वळलीसुद्धा.