सांगावा

रात्री दहाला सातऱ्यावरचे पंखे बंद होतात
तेव्हा कुठे मिरची खाली बसते.
दिवसभर ती हवेतच असते :
बायांच्या पदरात, माझ्या चष्म्याच्या काडीवर,
की-बोर्डच्या फटीत.
नाव टाइप करता करता बोट चुरचुरतं.

भिवापूरच्या पुढं सात किलोमीटर, पत्र्याचं शेड,
हटवारशेठची कंपनी, मी तिथला कारकून.
माल निघून बावीस दिवस झाले.
जहाज कुठं तरी पाण्यावर आहे
आणि मिरचीच्या आधी मिरचीची बातमी
पलीकडं पोचली पाहिजे.
पंधरा दिवसांहून आधी नाही,
आठ तासांहून उशिरा नाही.
लवकर सांगितलं तर कोणी ऐकत नाही,
उशिरा सांगितलं तर दारात उभं ठेवतात.

दुर्पताबाई मोटघरेला मी हे समजावलं.
ती नळाखाली बादली लावून बसली होती
दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून.
दिवसभर मुक्के तोडले की रात्री बोटं पेटतात.
म्हणाली, "म्हंजे व्याह्याच्या घरी जाण्यासारखंच झालं."

मागच्या खेपेला मी तारीख चुकवली होती.
तिकडं आधी महिना लिहितात, मग दिवस.
मी शाळेत शिकवलं तसं लिहिलं,
आणि पाच मार्चची मिरची
कागदावर तीन मेला पोचणार झाली.
नऊ दिवस डबा बंदरात उभा. भाडं दिवसावर.
शेठ एका शब्दानं बोलला नाही.
फक्त माझ्या टेबलावरचा चहा
त्या महिन्यापासून यायचा बंद झाला.

आज मी हळू लिहितो आहे.
वस्तू : सुकी लाल मिरची, अख्खी, देठाविना.
पिकवणारा : अकरा जणांचा माल एका ढिगात आहे,
रकाना एक आहे, मी कंपनीचं नाव घालतो.
कोणत्या देशानं हा माल नाकारला आहे का?
या मालाला, नाही.
परवाच्या साली एक खेप परत आली होती.
बुरशीचं काही तरी निघालं होतं म्हणे.
ती पोती इथंच सोडली, स्वस्तात,
आणि अख्ख्या गावानं वर्षभर भाजीत घातली.
त्याचा रकाना नाही.
मी 'नाही' वर टिचकी मारतो.

उमरेडहून येणारी एसटी
नाल्याच्या पुलावर आली की
नवा माणूस खोकायला लागतो.
कंडक्टर आमच्या गावाचं नाव घेत नाही,
गाडीत पहिला ठसका लागला की घंटी मारतो.
पावसाळ्यात सातरा बंद असतो
तेव्हा मात्र एखादा झोपलेला पुढच्या गावी जातो
आणि शिव्या देत चालत परत येतो.

लाइट एकदा गेली. आली.
पान पुन्हा पहिल्यापासून भरलं.
महिना आधी. मग दिवस. बोटानं पडद्यावर तपासलं.
अकरा वाजून वीस मिनिटांनी नंबर आला,
बारा आकडी.
मी तो वहीत उतरवला, हातावर उतरवला,
शेठला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या,
उत्तर नाही.

"झालं?" दुर्पताबाईनं विचारलं.
झालं म्हटलं. आता तिकडं माहीत आहे
काय येते, कुठून येते, कोणत्या वेळी येते.

तिनं हात पाण्याबाहेर काढले, पदराला पुसले नाहीत,
तसेच हवेत धरले वाळायला.
"अन् जो पोट्टा तो खोका उघडन,
त्याले सांगतलं का कोणी,
डोऱ्याले हात लावू नोको मनून?"

मी पान वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं.