झडती

चौतीस वर्षं प्रेसमध्ये चेकर होतो, नाशिकरोडला.
समोरून नोटांचे ताव सरकायचे
आणि माझं काम एकच,
चुकलेलं दिसलं की बाजूला काढायचं.
शाई जरा जास्त प्यायलेली,
आकड्याला पाय फुटलेला,
कड अर्ध्या केसानं हललेली.
चांगली नोट मला एकही आठवत नाही.
ती बघायची नसते, जाऊ द्यायची असते.

डोळा मग घरीही सुटी घेईना.
पंगतीत डाव्या हातानं जेवणारा,
दहाव्याला पिवळी साडी नेसून आलेली,
तिशी उलटून लग्नाचं नाव न काढणारी
माझीच पुतणी, सुलक्षणा.
बोललो नाही कुणाला काही.
नुसतं बघितलं. तेवढं पुरतं.
माणूस आपणहून बाजूला होतं.

संध्याकाळी भोंगा झाला की रांग.
हात वर. खिसे, मोजे, डब्याचा तळ.
चोरी कधी मनातही आली नाही, आईशप्पथ,
पण रोज कुणी चाचपलं
की आपणच आपल्याला चाचपू लागतो.
पहिल्या वर्षी राग यायचा,
दुसऱ्या वर्षी गुदगुल्या,
पुढं गेट दिसायच्या आधीच हात वर.
एका रविवारी बनियन घालताना
वर गेले ते तिथंच राहिले.
तपासायला कुणी येईना.

दगू गांगुर्डे तेव्हा जेलरोडलाच, भिंतीच्या आत.
सात वर्षं.
त्यानं काय केलं होतं ते सगळ्यांना माहीत,
प्रत्येकाला वेगळं.
आता खुर्च्या विणतो, घट्ट विणतो,
तरी खुर्ची आणायला लोक दोघं-दोघं जातात.
तुरुंगातला दगू, म्हणतात.
दगू सुटून अकरा वर्षं झाली,
तो ‘तला’ अजून आतच आहे.

परवा बिटकोजवळ नवं मोठं दुकान उघडलं.
दारात गार्ड, मिसरूडही न फुटलेला,
हातात ती पीं करणारी दांडी.
त्यानं तोंड उघडायच्या आत माझे हात वर.
शेजारी आणखी दोन हात वर.
दगू.
‘काका, जा ना नुसते,’ पोरगं हसायला लागलं.
मागं रांग तुंबली.

मी सवयीनं त्याच्यात चूक शोधली.
कड बघितली, शाई बघितली.
कोपर माझ्याच उंचीला, बोटं तशीच पसरलेली.

‘हात खाली घे की, भाऊ,’ दगू म्हणाला.
‘तू घे आधी,’ मी म्हणालो.