एकच रेघ

वहीची पानं आधी मोजायची.
प्रत्येकावर आकडा घालायचा, कोपऱ्यात, शाईनं.
म्हणजे मागाहून फाडता येत नाही.
मुनवळ्ळी मॅडमनी शिकवलेली ही पहिली गोष्ट,
थर्मामीटर हातात द्यायच्याही आधी.

थर्मामीटर सहा होते कॉलेजात.
दोघांचा पारा मधेच तुटलेला,
एक प्रिन्सिपॉलांच्या कपाटात, कशाला कुणास ठाऊक.
उरलेले तीन,
आणि मॅडमनी पर्समधनं काढलेला एक,
बेळगावातनं आणलेला, बिलाशिवाय.

प्रश्न तुझाच, म्हणतात त्या अजून.
मी नुसतं वर्गात बोलून गेले होते
की एकाच भट्टीतले दोन माठ
सारखं पाणी गार करत नाहीत.
फळ्यावरचं बाष्पीभवन अर्धं राहिलं.
डस्टर खाली ठेवून त्या म्हणाल्या, का?
आणि उत्तर सांगितलं नाही.
मला वाटलं, मुद्दाम सांगत नसणार.
सहा महिन्यांनी कळलं, त्यांनाही येत नव्हतं.

मग वीस माठ.
भुसा मी तराजूवर तोलून दिला तेव्हा
बाबा हसले, मूठ काय खोटी होती आमची?
तरी मळली माती, मलप्रभेच्या काठची.
लॅबमागच्या व्हरांड्यात ओळ मांडली,
शिपाई कल्लाप्पांना वाटलं पाणपोई निघाली.
तेही वहीत आहे:
नंबर चार, एक तांब्या, कल्लाप्पा.

मॅडम सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या,
देसूर, इदलहोंड, मग आमचं खानापूर.
त्यांचं मराठी कानडीतनं वळसा घालून येई,
माझं कानडी दारातच अडखळे.
मधे आकडे होते.
आकड्यांना दोन्ही भाषा येत होत्या.

रात्रीच्या रीडिंगसाठी दहा माठ घरी नेले
आणि सतरावा बिघडला.
बाकीचे उतरत होते चार, पाच, साडेपाच अंशांनी,
हा दीडवर अडून बसला.
पोस्टरला नऊ दिवस.
आलेख देखणा आला होता,
त्यात हा एक ठिपका
पंगतीत पाठ करून बसलेला.

मी ब्लेडनं शाई खरवडत होते.
मॅडम मागं कधी आल्या कळलं नाही.
रागावल्या नाहीत. ब्लेड घेतलं, पेन दिलं.
एकच रेघ मार, म्हणाल्या,
खालचं वाचता यायला पाहिजे.
तू चुकलीस की माठ, ते अजून ठरलं नाही, प्रेमला.
नोडोण.
बघूया.
तेवढं कानडी मला त्या दिवशी पाठ झालं.

रविवारी त्या घरीच आल्या.
सतराव्याच्या बुडावरनं बोट फिरवलं.
गुळगुळीत.
आई चुलीपाशी, पदराचं टोक दातात.
"गळालता. पोरीचं काम पाण्यात जाईल म्हणून
रात्री राळ लावली की मी."

पाझरणं बंद, गार होणं बंद.
मी आईवर ओरडणारच होते.
मॅडम पाट ओढून बसल्या, वही उघडून:
राळ किती? कशात वितळवली? आतनं की बाहेरनं?
आई आधी लाजली, मग सांगत गेली,
मग मॅडमनी लिहिलेलं दुरुस्तही करू लागली.

धारवाडला पोस्टर लागलं. बक्षीस नाही.
एक म्हातारे सर चष्मा वर करून म्हणाले,
हा एकटाच खाली का?
सकाळपासनं मी त्याच प्रश्नाची वाट बघत उभी होते.

वही माझ्याकडे आहे. पान एक्केचाळीस.
कागद ब्लेडनं विरलाय जरा,
पण रेघेखालचा दीड स्वच्छ वाचता येतो,
आणि शेजारी पुन्हा तोच दीड, तारीख, माझी सही.

सतरावा माठ घरी असतो.
पाण्याच्या कामाचा नाही.
आई त्यात मीठ ठेवते,
म्हणते, पावसाळाभर पाणी सुटत नाही.