वास्तव्याचा रकाना

भोसलेनगरला पोचेपर्यंत विद्यापीठ चौकात
सत्तावीस मिनिटं गेली.
केळावकरांकडे कॉफी येते ती विचारून, साखर वेगळी.
टेबलावर तीन घरांच्या किल्ल्या, त्यातल्या एकीला
देवळाबाहेर मिळतो तसला लाल दोरा.
मी फाइल उघडते.

वडील लुनावरून हिंडायचे नाना पेठेत, रेक्झिनची बॅग,
हप्त्याच्या पावत्या. एक माणूस, एक पॉलिसी,
वारस म्हणून एक बायको, संपलं.
मला वारसाच्या आधी देश विचारावा लागतो.

पुण्याचं हे घर.
दुबईतला फ्लॅट, एकविसावा मजला.
आणि पोर्तोतलं, नदीच्या उतारावरचं,
निळ्या फरशांच्या भिंतींचं. त्या फरशा वेगळ्या नोंदवायच्या,
एक फुटली तर तशी आता कोणी भाजत नाही.
मृणालिनीताईंच्या पाटल्या लॉकरमध्ये एका दरानं,
हातात दुसऱ्या, विमानात तिसऱ्या.
"म्हणजे घालूच नयेत," ताई म्हणतात.
"घाला की. फक्त कळवून घाला."

मग येतं वास्तव्य.
कुठल्या घरी वर्षातले किती दिवस?
केळावकर बोटांवर मोजतात,
चाकणच्या कारखान्यात एकेक ठोका मोजलेला माणूस.
पुणे एकशे चाळीस. पोर्तो नव्वद. दुबई साठ.
लेकीकडे टोरांटोला तीस.
बेरीज तीनशे वीस.
पुन्हा मोजतात. तेवढीच.
"उरलेले पंचेचाळीस?"
"विमानतळ असतील," ताई म्हणतात, हसत.
केळावकर हसत नाहीत.
रकान्यात त्यासाठी जागाही नाही.

अटींमध्ये, बारीक अक्षरात, बाराव्या पानावर:
घर सलग तीस दिवस रिकामं राहिल्यास
पाण्यानं झालेल्या नुकसानीला कंपनी बांधील नाही.
मी वाचून दाखवते. विचारते,
"पोर्तोला बघतं कोण?"
दोघं एकमेकांकडे बघतात.
मग स्वयंपाकघराकडे.

शेवंताबाई कोथिंबीर निवडतायत.
समोर पोह्यांच्या डब्याला टेकवलेला टॅब्लेट,
त्यात चार चौकोन: दार, जिना, तळघर, अंगण.
"पाच वर्षं झाली, मीच बघते.
साहेबांना रात्रीची झोप लागंना, म्हणून लावून दिलं."
फेब्रुवारीत तळघराच्या भिंतीवरची ओल
त्यांनीच पाहिली. आधी वाटलं सावली,
मग सावली दुपारीसुद्धा जागची हलेना.
तिथला प्लंबर आला, काम झाल्यावर
कॅमेऱ्याकडे बघून त्यानं हात केला.
"मीपण केला. त्याला कुठं दिसतोय, पण केला."

मी लिहिते.
देखरेख: शेवंता पांडुरंग घुले. रोज.
पत्ता: जनवाडी, पुणे.
मालमत्तेपासून अंतर, किलोमीटरमध्ये:
इथे पेन थोडं थांबतं.
लंडनहून उलट प्रश्न येईल. येऊ दे.
खरं असेल ते आधी लिहायचं, भांडायचं नंतर,
हे लुनावरचं शिक्षण.

"तुमचं स्वतःचं काही, बाई? दवाखान्याचं?"
"सरकारी कार्ड आहे की. गुडघ्याला चालत नाही म्हणाले."
केळावकरांनी ऐकलंय. कॉफीवर साय धरलीय.
"यांचं ह्याच फाइलीत टाकता येईल?"
"नाही. वेगळी उघडावी लागेल."
"हप्ता किती?"
सांगते.
चार निळ्या फरशांएवढा.
ताई किल्लीचा दोरा सोडवतात, पुन्हा बांधतात.

शेवंताबाईंचं लक्ष चौथ्या चौकोनात.
तिथे आत्ता कुठे उजाडतंय.
"अंगणात लिंबाचं झाड आहे बघा.
पिकून पडतात, वेचत नाही कोणी.
रोज मोजते मी."
स्क्रीनवरचं कोथिंबिरीचं पान बोटानं बाजूला करतात.
"आज अकरा."