डा. खां. उ.

देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या अलीकडे
आमच्या पाटीवर अजून ‘निकुंभ अँड सन्स’ आहे.
सन्स झालेच नाहीत. मी झाले.
आधी काज-बटण, मग तुरपाई,
मग एका दुपारी कात्रीच हातात आली.

आप्पांचा कट विलायती.
त्यांच्या वडिलांनी तोफखान्याच्या साहेबांच्या
शिव्या खात खात शिकलेला.
छातीत घोड्याच्या केसांचं कॅनव्हास,
खांद्यात कापसाची गादी,
कंबर अशी आत घ्यायची
की माणूस बसला तरी सावधान वाटावा.
मागे दोन चिरा,
आणि उजव्या खिशाच्या वर
एक चिमुकला खिसा, तिकिटाचा.
कुठलं तिकीट, मी लहानपणी विचारलं होतं.
‘परतीचं,’ आप्पा म्हणाले. ‘वापरलं त्यांनी.’

त्या डिसेंबरात कात्रक शेटजींचा नातू बॉस्टनहून आला.
अंगातला कोट काढून टेबलावर ठेवला:
असाच एक शिवून द्या.

आप्पांनी कोट पालथा घातला,
उलटा केला, अस्तरात हात घालून चाचपला,
हरवलेली किल्ली शोधावी तसा.
चिमटे नाहीत. कंबर नाही. गादी नाही.
मागे एकच चीर, तीही वर जाऊन हुकासारखी वळलेली.
बटणं तीन,
त्यातलं वरचं कॉलरच्या घडीत झोपलेलं,
कधीच न लावायचं.
‘मग ठेवलंय कशाला?’
‘असतंच ते,’ नातू म्हणाला.
‘बाह्या लावलेली पिशवी आहे ही.’
‘तिकडे पिशवीच म्हणतात याला, मास्तर.’
यावर आप्पांना काही सुचलं नाही.
त्यांनी उगाच खडूला टोक केलं.

टायचे पट्टेसुद्धा उलटे.
शेटजींचे डाव्या खांद्यावरून उतरायचे,
याचे उजव्या.
आरशात बघून शिवलाय, मी मनात म्हटलं.

माप घेताना आप्पांची टेप थांबली.
मी वही धरून उभी. ‘लिही,’ म्हणाले,
‘डा. खां. उ.’
डावा खांदा उतरता.
हीच तीन अक्षरं एकाहत्तर सालच्या वहीत
शेटजींच्या नावापुढे आहेत,
आणि चाळीस वर्षं त्यांच्या प्रत्येक कोटात
डावीकडे कापसाचे दोन पदर जास्त.
अख्ख्या कॅम्पात कुणाला ठाऊक नाही.

‘डावीकडे थोडं भरून घेऊ?’
‘नको. आहे तसा आहे.’

तीन रात्री आप्पा त्या कोटावर बसले.
हात कापसाच्या डब्याकडे जायचा,
झाकण उघडायचा, लावायचा.
मला म्हणाले, डबा माळ्यावर ठेव.

ट्रायलला शेटजीही आले, काठी टेकत,
आप्पांच्याच हातच्या कोटात, सरळ.
नातू आरशापुढे उभा राहिला.
डावा खांदा खाली, राजरोस,
आणि कापड त्याच्यासोबत उतरलेलं,
एक सुरकुती नाही.
रस्त्यावरून गाजराची गाडी ओरडत गेली.

शेटजींनी आपला डावा खांदा दाबून पाहिला,
पेरू दाबून बघतात तसा.
‘निकुंभ, माझ्यात किती भरलंय?’
‘दोन पदर.’
‘आन् ब्रिगेडियर? आन् तो दातांचा डॉक्टर?’
आप्पा टेप गुंडाळत होते.
‘दुसऱ्याची वही दाखवत नाही, शेटजी.’
शेटजी इतके हसले
की कोट छातीवर ताणला गेला
आणि मधल्या बटणाचा दोरा करकरला.
‘डिकरी, हे जरा बघ,’ ते मला म्हणाले.

बटण मी तिथेच पक्कं केलं, त्यांच्या अंगावर.
संध्याकाळी दुकान आवरताना
वही पहिल्या पानापासून चाळली.
साहेब, पारशी, वकील, नोट प्रेसमधले हेडक्लार्क,
एक बँडवाला, दोन नवरदेव.
निकुंभ कुठेच नाहीत.
आप्पा सदऱ्यावर स्वेटर चढवून शटर ओढत होते.
उजवा खांदा, कात्रीचा,
चांगला बोटभर खाली.
खडू खिशात होता माझ्या.
मी काही बोलले नाही.