रकाना सात

नागभीडच्या नेट कॅफेत
तासाला तीस रुपये देऊन बसले आहे.
ग्रामपंचायतीचा ठराव जोडला,
तीन वर्षांचा ताळेबंदही जोडला,
म्हणजे आपली दोनशे पानी वही:
मुरमुरे, खडू, झाडूचे पंचवीस.

रकाना सात: लाभार्थी बालकांची नेमकी संख्या.

बावीस लिहिलं.
मग आठवली सुगंधा कुमरेची मधली.
तेंदूपत्त्याच्या दिवसांत माय पहाटेच रानात,
आणि ही भावाला कडेवर घेऊन
बालवाडीच्या उंबरठ्यावर उभी.
‘आत ये ना वं’ म्हटलं तर म्हणते,
‘हा रडन नं बाई, मंग पोट्टे शिकतीन कसे?’

गाणं मात्र तिलाच आधी पाठ.
परवा तर कडेवरचाही टाळ्या वाजवत होता,
गाणं संपल्यावरही.

तेवीस केलं.
खोडलं.
चोवीस.

‘मॅडम, सेव्ह करा, लाइन जाईन,’ कॅफेवाला.
हो रे बाबा.

उद्या संस्थेचे साहेब पाहणीला आले
आणि हजेरीपटात दोन नावं नसली तर?
तर दारात दाखवीन.

रकाना आठ: जागेचं क्षेत्रफळ, चौरस फुटांत.
पुन्हा मोजते,
या वेळी
उंबरठा धरून.