खोटी रात्र

बाहेर मे महिन्याची दुपार, आहेरवाडीच्या माळावर
चव्वेचाळीस डिग्री ऊन.
आत हत्तुरे सरांनी पडदे ओढून रात्र केली आहे,
भिंतीवरचं घड्याळ फिरवून तीन दहा.
"ही वेळ ओळखून ठेवा," म्हणतात,
"या वेळी माणूस जागा दिसतो फक्त."

बॉयलर खोटा, ड्रम खोटा, पाण्याची पातळी खोटी,
घाम तेवढा खरा, माझा.
अलार्म एक. मग चार. मग अख्खी भिंत लाल,
आणि माझा हात
मला न विचारताच निघाला.

ए पंप बिघडला होता.
मी बंद केला बी. चांगला चालणारा.
पडद्यावर ड्रम कोरडा पडत गेला, कसलाच आवाज न करता,
चाळीस सेकंदांत.

कुणी हसलं नाही.
कसं चुकलीस, असं सरांनी विचारलं नाही.
विचारलं, "कमटम, हातानं काय पाहिलं?"

काय सांगणार.
माझी आई विड्या वळते, नीलम नगरात,
टीव्हीकडे बघत, शेजारणीशी तेलुगूत भांडत,
पंचविसाचा कट्टा बांधते न मोजता.
मला वाटायचं, शहाणा हात म्हणजे हाच.
तोच घेऊन मी इथं आले.

सांगितलं तसं. सर खुर्ची ओढून बसले.
"आईच्या हातात विडी एकच असते की गं.
तुझ्यासमोर दोन बटणं, जुळी, एका रंगाची.
अशी का लावली, ते लावणाऱ्याला विचारू आपण, लेखी.
तोवर हाताला जरा अडाणी कर."

मग बालवाडी.
बोट दाखवायचं. नाव मोठ्यानं घ्यायचं.
शेजारच्यानं तेच परत म्हणायचं.
मगच दाबायचं.
"ए पंप." "ए पंप."
सहा जण आम्ही, लाजत, पुटपुटत, शेवटी ओरडत.
रिटायरला आलेले म्हेत्रे काका कुरकुरले,
"तीस वर्षं मनात म्हणतोयच की मी."
"मनातलं शेजारच्याला ऐकू येत नाही, काका."

पडदे उघडले तर डोळ्यांत ऊन घुसलं.
चिमणी होती तिथंच. धूर सरळ.

रात्री आईशेजारी बसले.
तिनं कट्ट्याला दोरा गुंडाळायला घेतला,
मी बोट दाखवून मोठ्यानं म्हणाले, "पंचवीस."
"गप्प बस, चुकवशील," म्हणाली.
मग थांबली. दोरा सोडला.
सुपात सांडून एकेक मोजल्या, ओठ हलवत.

किती भरल्या,
ते मला सांगितलं नाही.